कापलेले पैसे आणि खंडेनवमीचं गाऱ्हाणं

मला नको तिथे हसू येतं. मयताच्या घरी, लग्नाच्या बोलणीत, बँकेच्या रांगेत, कुठेही. त्यामुळे सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून "पित्ताशयात खडे आहेत, बरेच आहेत" असं सांगितलं तेव्हा मी हसले, यात नवल काही नव्हतं. माझ्या नवऱ्याला मात्र घाम फुटला. तो पूर्वी शिरगावच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि तेव्हापासून पूर्ण वेळ काळजी करणं हाच त्याचा धंदा झाला आहे.

"हसतंस काय गो? खडे म्हणतत डॉक्टर."

"बरां झाला," मी म्हटलं, "आता तुमची खाण घरातच सुरू झाली."

आणि पुन्हा हसले, आणि हसताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी टेबलाची कड धरली. तिथून पुढचे दोन महिने हे असंच चाललं. हसू आलं की कळ, कळ आली की नवऱ्याचा चेहरा, आणि त्याचा चेहरा बघितला की परत हसू.

ऑपरेशनची मला भीती वाटत नव्हती, कारण माझ्याकडे कार्ड होतं. डिचोलीजवळच्या एका कंपनीत मी औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासते. दिवसभर झाकणं पट्ट्यावरून येतात, आम्ही बायका वाकडी, चिरलेली, फुगलेली बाजूला काढतो. पगाराची पावती मोबाइलवर येते आणि तीत 'मेडिकल' नावाची एक ओळ असते, म्हणजे आमच्या आजारपणाच्या विम्यासाठी कापलेले पैसे. वर्षानुवर्षं ती ओळ बघून मी चरफडत होते. आता म्हटलं, एकदाचे वसूल होतील. पर्समध्ये कार्ड असं जपून ठेवलं होतं की नवरा म्हणायचा, मंगळसूत्रापेक्षा त्याचीच काळजी जास्त.

डॉक्टर म्हणाले लवकर या. पण चवथ तोंडावर आली होती. घरात गणपती असताना इस्पितळात कोण झोपणार? आणि चवथ सरली की लगेच म्हाळ, पितरांच्या पंधरवड्यात नवरा मला नखसुद्धा कापू देत नाही, तर पोट कुठलं कापू देणार. म्हणून मधली एक तारीख साधली. विसर्जन झालं, मखर माळ्यावर गेलं, आणि दुसऱ्याच सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात पोचलो. मी उपाशीपोटी, हातात नवी चादर, नवऱ्याच्या हातात गरम पाण्याचा फ्लास्क.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, संगणकात नंबर घातला, परत घातला, मग मान तिरकी करून म्हणाली, "मॅडम, ही पॉलिसी बंद आहे."

"बंद कशी? दर महिन्याला माझ्या पगारातून पैसे कापतात."

"कापत असतील," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "पण विमा कंपनीपर्यंत पोचलेले दिसत नाहीत."

मी हसायला लागले. त्या मुलीला वाटलं मी रडते आहे, तिने टिश्यू पुढे केला. कळ आली, मी फ्लास्कवर डोकं टेकवलं, आणि तशातही हसतच होते. मागच्या रांगेतली एक म्हातारी माझ्या नवऱ्याला म्हणाली, "डोक्याचो डॉक्टर वयल्या माळ्यार आसा हां."

बाहेर आलो. पोटात अन्नाचा कण नाही, ऑपरेशन नाही, आणि समोर हॉटेल. मी भाजी-पाव मागवला, वर मिरचीची भजी मागवली, आणि डॉक्टरांनी जे जे खाऊ नका म्हणून सांगितलं होतं ते ते रागाने खाल्लं. अस्नोड्याच्या पुलापर्यंत बरी होते. पुढे स्कूटर थांबवून रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. नवरा सुईणीसारखी माझी पाठ चोळत होता आणि कंपनीला शिव्या घालत होता. कधी नव्हे ते त्याच्या तोंडून अशा शिव्या ऐकल्या, ट्रकवाल्यांच्या खास. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती थेट एचआरच्या मुलीकडे. ती कालपरवा कॉलेजातून आलेली. मी विचारायच्या आधीच तिचे डोळे भरले. पाडव्यापासून पैसे पुढे गेलेलेच नाहीत, तिने सांगून टाकलं. कोणी विचारलं तर 'रिन्यूअल चालू आहे' म्हणायचं, असं तिला वरून सांगितलं होतं. रोज कोणीतरी विचारेल या भीतीने ती डबासुद्धा एकटी खायची.

वरून म्हणजे पात्रांव. आमच्याकडे मालकाला पात्रांव म्हणतात. पोर्तुगीज गेले, पण हा शब्द न्यायचा विसरले. आमचे पात्रांव वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगते. लग्नकार्याला येतात, मयताला खांदा देतात, शिरगावच्या जत्रेला व्रत धरून धोंड होतात, निखाऱ्यांवरून चालतात. पण त्यांनी नवी मशीन आणली होती, झाकणं भराभर पाडणारी, आणि तिचा हप्ता भरताना आमचे पैसे 'थोड्या दिवसांसाठी' तिकडे वळवले होते. हे त्यांनी माझ्याजवळ कबूलही केलं. वर म्हणाले, "फाल्यां करता गो बाय, फाल्यां नक्की." फाल्यां म्हणजे उद्या. म्हाळ संपला, नवरात्र बसलं, तरी पात्रांवांचा उद्या काही उजाडेना. मला बघितलं की ते मोबाइल कानाला लावायचे. एकदा तर तो उलटा धरला होता.

इकडे डॉक्टर फोनवर बजावत होते. एखादा खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, दिवाळीच्या आत काढून घ्या. सरकारी इस्पितळात नाव घातलं होतं, तिथला नंबर दिवाळीनंतरचा होता. नवरा म्हणाला, घरामागचा काजूंचा तुकडा विकू. मी म्हटलं, एक फांदीसुद्धा विकायची नाही. आजारपणाचे पैसे मी एकदा दिलेत, दुसऱ्यांदा देणार नाही. तो म्हणाला, आणि तुका काय झाला तर? त्याचा आवाज चिरकला. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. हसू आलं नाही म्हणजे बघा.

चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे मागच्या शेडमध्ये जमलो. कोणी म्हणालं लेबर ऑफिसात जाऊ, कोणी म्हणालं पेपरात देऊ. आमच्या सर्वण गावातच भाड्याने राहणारा, कोल्हापूरकडचा एक मशीन ऑपरेटर तेवढा काही न बोलता उभा होता. चहा अर्धा टाकून तो कामाला निघून गेला. बाहेरगावची माणसं नोकरीला जपतात, त्याला मी तेव्हा काही म्हटलं नाही.

तेवढ्यात आमचा इलेक्ट्रिशियन बोलला. हा पेडण्याचा, पोट सुटलेला, स्वतःच्या आवाजावर बेहद्द खूश. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे आहे, आणि कंपनीतल्या खंडेनवमीच्या पूजेलाही गाऱ्हाणं तोच घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगितलेलं मागणं. एकाने एकेक वाक्य सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून त्याला रुकार द्यायचा. ते चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हलायचं नाही, उठून जायचं तर नावच नको.

"पात्रांव ऑफिसाक भियेना," तो मिशीवरचा चहा पुसत म्हणाला, "पेपराक भियेना. पण देवाक भियेता. खंडेनवमी परवा. तुम्ही फकत मोठ्यान 'व्हय' म्हणा."

खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून सजवल्या होत्या. नव्या मशीनला तर नवरीसारखा शालू गुंडाळला होता. पात्रांव सोवळ्यात सर्वांत पुढे, हात जोडून, डोळे मिटून. त्यांच्या मागे विमा कंपनीचा एजंट. तो दर वर्षी प्रसादाच्या शिऱ्यासाठी न चुकता येतो. एचआरची मुलगी माझ्या शेजारी. इलेक्ट्रिशियनने नव्या मशीनच्या बटणांच्या पेटीवर नारळ ठेवला, खाकरला, आणि सूर लावला.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज खंडेनवमीच्या दिसा तुझी लेकरां मशिनींका फुलां घालून तुका मागणा मागतत रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आमच्या पात्रांवाच्या धंद्याक बरकत दी, नवी मशीन हाडली हा तिका कोणाची नदर लागा नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" यात पात्रांवांचा आवाज सगळ्यांच्या वर. दर वर्षी तसाच असतो.

"ह्या लेकरांच्या पगारातसून दर म्हयन्याक आजारपणाचे पैसे कापतत रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" पात्रांव तंद्रीतच होते.

"ते पाडव्यापासून खयतरी आडकले आसत, ज्याच्या हाती आडकले आसत त्येका बरी बुद्दी दी, आणि येत्या सोमवारच्या आत ते थंय पोचय रे महाराजा!"

आणि पात्रांवांनी, डोळे मिटून, छाती भरून, सगळ्यांच्या आधी म्हटलं, "व्हय महाराजा!"

मग त्यांचे डोळे उघडले. मी तिरकी उभी होते म्हणून मला दिसलं. आधी उजवा डोळा उघडला, मग डावा, मग दोन्ही गच्च मिटले. मागे एजंटही सवयीने 'व्हय' म्हणून बसला होता आणि आता शिऱ्याच्या पातेल्याकडे एकटक बघत होता. एचआरच्या मुलीने तर असा 'व्हय' ठोकला की पत्रा दणाणला. माझ्या पोटात हसू उसळत होतं, वर कळ येत होती, आणि हसायची तर सोय नव्हती. मी ओठ इतके चावले की रक्त आलं.

इलेक्ट्रिशियन थांबायला तयार नव्हता. "आणि आमच्या ह्या बायच्या पोटात खडे झाले आसत, तिचा ऑपरेशन दिवाळेच्या आदी सुखरूप कर, आणि तां होयसर हो नारळ कोणी हलवचो नाय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मी स्वतःच किंचाळले. ऑपरेशन होईपर्यंत नारळ बटणांवरच, म्हणजे तोवर नवी मशीन बंद.

पूजा झाल्यावर पात्रांवांनी त्याला कोपऱ्यात गाठलं. आम्ही शिरा खात कान टवकारून होतो.

"गाऱ्हाण्यात अशी भाषा करतत?"

"माका काय याद नाय, पात्रांव," तो हात जोडून म्हणाला, "मी बोलणय नाय. तोंडातसून येता."

"आणि नारळाचां काय? परवा माका ती मशीन सुरू करूक होयी."

"सांगणां पुरा होयसर नारळ हलवचो नाय." यावर त्याने इतका दुःखी चेहरा केला की पात्रांव आल्या पावली मागे फिरले. असा नियम खरोखर आहे की नाही, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

पात्रांवांनी एजंटला केबिनमध्ये नेलं, हातातल्या द्रोणासकट. दसऱ्याची सुट्टी मध्ये आली, पण सोमवारी दुपारी आमच्या मोबाइलांवर विमा कंपनीचे मेसेज टणाटण वाजू लागले. पॉलिसी चालू, जुनी दुखणी धरून. पट्ट्यावरून झाकणं वाहत गेली आणि एकाही बाईने तिकडे बघितलं नाही. आम्ही एकमेकींना मिठ्या मारत होतो. म्हटलं, आज वाकडी झाकणंसुद्धा पास. इलेक्ट्रिशियन शर्टाची कॉलर ताठ करून सगळ्या मशिनींवरून एक फेरी मारून आला.

आठवड्याभरात मी म्हापशाला परत त्याच काउंटरवर उभी. मुलीने नंबर घातला, पडद्याकडे बघून मान डोलावली. मी हसले, तिने सवयीने टिश्यू काढला. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तर नवरा काचेच्या बाटलीतले माझे खडे उजेडात धरून बघत होता. "माल बरो आसा," तो म्हणाला, आणि मग मोठ्याने हुंदका देऊन रडला. मला हसू आलं आणि टाके दुखले, पण ते दुखणं वेगळं होतं, त्याची भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या कोल्हापूरकडच्या ऑपरेटरची बायको मला बघायला आली. सर्वणात आमचं त्यांचं अंगण जवळजवळ एकच. तिने माझ्यासाठी मऊ भात आणि मुगाचं कढण आणलं होतं. तिचा नवरा तिला मोटरसायकलवरून सोडून खालीच थांबला, बायकांच्या वॉर्डात यायला लाजतो म्हणाली. मी तिला गाऱ्हाण्याची सगळी गंमत सांगितली, पात्रांवांच्या उजव्या डोळ्यापासून एजंटच्या शिऱ्यापर्यंत. ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"ताई," ती म्हणाली, "म्हंजे पैसं कुनाचंच भरलं नव्हतं?"

"कुणाचेच नव्हते गो. पाडव्यापासून."

"पावसाळ्यात आमच्या पोरीला डेंगू झाल्ता. हितंच आणलं हुतं तिला. कार्ड चाललं न्हाई. ह्येंनी कुनाला सांगितलं न्हाई. ह्येंना वाटलं, फारम भरताना पोरीचं नाव टाकायचं आपूनच इसरलो. गावाकडची म्हस इकली, बिल भरलं. तवापास्नं दोन-दोन पाळ्या करत्यात. पोरगी खेळाया लागली, तरी तिच्याकडं बघत न्हाईत धड."

शेडमध्ये अर्धा चहा टाकून निघून गेलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला. नोकरीला जपतो म्हणे. पुन्हा पुन्हा तेच मनात येत होतं, आणि माझी मलाच चीड येत होती.

नेमके त्याच वेळी पात्रांव दारात आले. हातात केळ्यांचा घड आणि सफरचंदं. माझी विचारपूस केली, माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, मग पलंगाच्या पायथ्याशी अवघडून उभे राहिले. ते कशासाठी आले होते ते मला ठाऊक होतं. नवी मशीन अजून शालूत बसली होती.

"आता सगळां बरां झाला नाय गो बाय?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे... नारळ हलवलो तर चलात मां?"

"माझं बरं झालं, पात्रांव," मी म्हटलं. "पण नारळ अजून हलवू नका. हिचं ऐका आधी."

तिला मी सगळं पुन्हा सांगायला लावलं. ती घाबरत, खाली बघत बोलली. पात्रांवांनी केळी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा उतरत गेला की मला त्यांचीही दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

"बिलाचे पैसे मी दितंय," ते म्हणाले. "आजच. सगळे. म्हशीचे सुद्धा."

तिने पहिल्यांदा मान वर केली.

"पैशाचं तुमी बघा, शेठ. कवा बी द्या. पर आदी खाली जाऊन त्यास्नी सांगा, त्येंची चूक न्हवती म्हणून. माझं ऐकायचं न्हाईत ते. तुमीच सांगाय पायजे."

पात्रांव तसेच निघाले. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले, चपलांचा आवाज आम्हाला ऐकू आला. ती खिडकीकडे धावली. मीही नवऱ्याचा हात धरून, टाके सांभाळत उठले. खाली मोटरसायकलला टेकून तो उभा होता. मालक समोर आलेला बघून घाईघाईने सरळ झाला. पात्रांव काय बोलले ते वरून ऐकू येत नव्हतं, त्यांचे हात तेवढे हलत होते. तो मान हलवत होता, नाही नाही अशी. पात्रांवांनी त्याचा दंड धरला आणि पुन्हा सांगितलं. मग तो इस्पितळाच्या पायरीवर मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पात्रांवही त्याच्या शेजारी तिथेच बसले.

"त्यास्नी पटलं," ती म्हणाली.